बेरजेचा पहारेकरी

१

सकाळी साडेसात वाजता अठरा मीटर रुंदीची परात उलटी फिरली.

परात म्हणजे टेकडीवरची अँटेना. ताऱ्यांकडून येणारे रेडिओचे क्षीण आवाज टिपणारी, पांढरीशुभ्र, आकाशाकडे तोंड करून बसलेली. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना ती आधी दोघांच्या बरोब्बर मध्यावर थांबते, तोल सावरते आणि मग पुढे सरकते. त्या सकाळी तिला पूर्वेकडेच थोडं पुढे जायचं होतं. ती निघाली पश्चिमेला, आणि थांबायचं नावच घेईना. पोटातल्या केबलींना पिळावर पीळ पडत गेले आणि शेवटी त्या तटातट तुटल्या.

तंत्रज्ञ तीन मिनिटांपूर्वीच शिडीवरून खाली उतरला होता, चहा प्यायला.

"आजपासून चहा सोड म्हणणाऱ्याचं तोंड बघणार नाही," तो म्हणाला. आणि त्याने दुसरा कप भरून घेतला.

वेधशाळेच्या प्रमुखांनी तपासाचं काम टाचणीला दिलं. टाचणी म्हणजे तिथली सगळ्यात तरुण संशोधक. दीड वर्षापूर्वी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आलेली, अंगाने बारीक आणि प्रश्नाने टोचणारी. नाव घरून पडलं होतं, ते इथेही चिकटलं.

टाचणीने संगणकाची नोंदवही उघडली. परातीची मोटर अतिशय बारीक पावलं टाकते आणि प्रत्येक पाऊल मोजते. पहिला तारा एकशे दहा कोटी पावलांवर, दुसरा एकशे तीस कोटींवर. मध्य एकशे वीस कोटी, हे शाळेतलं पोरही सांगेल. संगणकाने काढला होता उणे ९४,७४,८३,६४८.

"आकडा वेडावाकडा आहे," प्रमुख म्हणाले.

"नाही सर, फार शिस्तीचा आहे." टाचणी कागदावर झरझर मांडत होती. "संगणकाच्या या खान्यात जास्तीत जास्त दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाखांच्या आसपासचा आकडा मावतो. आपण बेरीज केली दोनशे चाळीस कोटींची. जुन्या स्कूटरच्या काट्यावर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पाच शून्यं येतात ना? तसंच. फक्त इथे आकडा शून्यावर न जाता थेट उणेच्या टोकाला जाऊन पडतो आणि तिथून मोजायला लागतो. हे बघा, त्या उण्या बेरजेचं निम्मं केलं की हाच आकडा. शेवटच्या आठापर्यंत."

"म्हणजे बेरीज चुकली."

"बेरीज खोटं बोलली," टाचणी म्हणाली. "आणि ती बेरीज आपण लिहिलेली नाही. आपला प्रोग्राम ज्या भाषेत आहे, तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतून आली. भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार कामांच्या पेटीतून."

तंत्रज्ञाने कप खाली ठेवला. "पण हेच दोन तारे आपण दोन वर्षांपूर्वी लावले होते की. तेव्हा परात जागची हललीच नव्हती. पडद्यावर आलं, 'मावत नाही', आणि सगळं ठप्प. मी म्हटलं, काय नखरेल भाषा आहे! शेवटी ताराच बदलला."

"मग मधल्या काळात काय बदललं?"

"काही नाही. तीन आठवड्यांपूर्वी भाषेची नवी आवृत्ती चढवली. आठवी."

टाचणीने जॅकेट उचललं. दोन वर्षांपूर्वी बेरजेच्या दारात कुणीतरी पहाऱ्याला उभं होतं. आता तिथे कुणी नव्हतं.

२

भाषेचं कार्यालय एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालच्या यंत्रांनी जमीन हलकेच थरथरत असे. तिथे काम करणाऱ्यांना ती थरथर थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. भिंतीवर छताला भिडलेली एक लाकडी पाटी होती. तिच्यावर लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनचं, म्हणजे एकेका तयार कामाचं, नाव आणि त्यापुढे ते लिहिणाऱ्याचं.

"ज्याचं काम त्याची सही," घटनाकार म्हणाले. भाषेचे सगळे नियम त्यांनी लिहिलेले, म्हणून हे नाव. खरं नाव बँकेलाच ठाऊक. पांढरी दाढी, कडक कॉलर. "फंक्शनच्या डोक्यावर एक वचन असतं. हे काम काय देईल आणि काय कधीच करणार नाही, ते एका ओळीत. त्याखाली सही. निष्काळजीपणाने वचन मोडलं तर पाटीवरचं नाव खोडायचं. बावीस वर्षांत एकही खोडलेलं नाही."

"आणि आज?"

"चार वाजता सभा आहे." त्यांनी पाटीकडे न बघता सांगितलं. "बेरजेपुढचं नाव मावशींचं आहे."

टाचणीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

मावशी खिडकीजवळ बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, चष्म्याची दोरी गळ्यात, टेबलावर चार आकडी हातमोजणी. बोटाने दाबली की एकेक आकडा पुढे सरकवणारी. साऱ्या कार्यालयाच्या त्या मावशी होत्या आणि कुणाच्याच सख्ख्या नव्हत्या.

"ये गं, बस. तूच ना ती परातीवाली? कुणाला लागलं तर नाही?"

"नाही मावशी. थोडक्यात निभावलं."

"देव पावला." त्यांनी खरोखरच श्वास सोडला. पहिला प्रश्न माणसाचा, हे टाचणीने मनात टिपून ठेवलं. "आता विचार काय विचारायचं ते. मी इथे टायपिस्ट म्हणून आले. यांच्या हस्तलिखितातल्या चुका टाइप करता करता दिसायला लागल्या, तशी एक दिवस म्हटलं, ही बेरीज मी लिहू का? सगळे हसले. घटनाकार हसले नाहीत. मला पदवी नाही बाई. पाटीवर एवढी एक ओळ आहे. नातीला दाखवायला आणते कधीमधी."

"बेरीज मावली नाही तर काय करायचं, हा विचार तेव्हा केला होतात?"

मावशींनी हातमोजणी पुढे सरकवली. तिच्यावर ९९९९ होतं. "दाब."

टाचणीने दाबलं. खटका हललाच नाही.

"बाजारातून आणली तेव्हा पुढे शून्यावर जायची. मी उघडून आत पत्र्याची पाचर बसवली. मावत नसेल तर थांबावं. माझी बेरीज खोटं बोलत नाही. नाही जमलं तर तोंडावर सांगते, नाही जमत म्हणून. आता हे बघ." त्यांनी पडदा वळवला.

फंक्शन अवघं चार ओळींचं होतं. सगळ्यात वर वचन: *दोन धन आकडे दिले, तर उत्तर त्यातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा लहान येणार नाही.* खाली पहिली ओळ: बेरीज करा. दुसरी: *उत्तर लहान आलं, तर 'मावत नाही' म्हणा आणि थांबा.* तिसरी: नाहीतर उत्तर द्या.

टाचणीने दुसरी ओळ तीनदा वाचली. दोनशे चाळीस कोटी मावले नाहीत की आकडा उणेत जातो, म्हणजे एकशे दहा कोटींपेक्षा लहानच होतो. ही ओळ त्याला पकडणारच. पहारेकरी आपल्या जागी उभा होता, डोळे उघडे ठेवून.

"मावशी, पण ही ओळ इथे आहे, तर आमच्या परातीने..."

"तेच मला सकाळपासून कळत नाहीये," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "ओळ आहे. आणि ओळ चालली नाही."

३

"मॅडम, माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर रांगेत उभ्या राहा," इस्त्रीवाला म्हणाला.

पस्तिशीचा, बोलण्यात रेल्वेसारखा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्रासाठी तयार होतो, तेव्हा त्यातल्या चुण्या काढून तो सपाट आणि वेगवान करायचं काम त्याच्याकडे. हे तो स्वतः करत नसे. त्याने लिहिलेला एक प्रोग्राम करायचा. त्याला सगळे इस्त्री म्हणत.

"चुण्या म्हणजे?"

"समजा तुम्ही लिहिलंत, 'सूर्य पश्चिमेला उगवला तर छत्री घ्या.' ही ओळ कधी चालणार आहे का? मेलेली ओळ. दर वेळी उगाच वाचायची कशाला? इस्त्री ती काढून टाकते."

त्याच्या मागच्या भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक आवृत्तीत काढलेल्या मेलेल्या ओळी. पाचवी आवृत्ती, १८७. सहावी, २०३. सातवी, २११. आठवी, १,२०६. आठवीच्या खांबाने वरच्या फोटोची चौकट गाठली होती आणि त्यावर लाल शाईत मुकुट काढलेला.

"आठव्या वेळी एवढी उडी?"

"कला आहे मॅडम!" त्याने कॉलर ताठ केली. "ही भाषा आज जगातल्या वेगवान भाषांत मोजली जाते, ती उगाच नाही. इस्त्रीला यंदा वाचायला शिकवलं. जेवढं जास्त वाचेल, तेवढं तिला कळतं काय अशक्य आहे ते."

"काय वाचायला शिकवलं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि तो "एक मिनिट" म्हणून गेला तो अर्धा तास आलाच नाही.

शेजारच्या खोलीत टेस्ट घेणारी बसायची. कुठलाही खडा तिच्यातून सुटत नाही, म्हणून नाव चाळण. चाळिशीची, कपाळाला कायम एक आठी.

"बेरजेच्या अकरा टेस्ट आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या चार न मावणाऱ्या आकड्यांच्या. आठव्या आवृत्तीत अकराच्या अकरा पास. हे घे कागद. आणि तोंड असं करू नकोस, मी खोटे कागद ठेवत नाही."

"मी तोंड काही केलं नाही."

"केलंस. भौतिकशास्त्रवाले सगळे असंच करतात, माझा नवराही."

टाचणीला हसू आलं. मग तिने विचारलं, "टेस्ट इस्त्रीच्या आधी घेता की नंतर?"

चाळणीने कपाळाची आठी थोडी सैल केली, मग पुन्हा आवळली. "आधी. इस्त्रीनंतर सगळं एकसपाट होतं; काही फाटलं तर कुठल्या ओळीत फाटलं ते सापडत नाही. बावीस वर्षं आधीच घेतो. आणि इस्त्रीने अर्थ बदलत नाही, हा तर पहिला धडा आहे."

"कुणी तपासलाय तो धडा?"

चाळणीने खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुला टाचणी का म्हणतात ते कळलं," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू: "एक सांगू का? मावशी सगळ्यांना सांगतात, त्या फाइलला बावीस वर्षांत कुणी हात लावला नाही. नोंदवही बघ. लावलाय. सहा महिन्यांपूर्वी."

"कुणी?"

चाळणीने भिंतीच्या पलीकडे, घटनाकारांच्या खोलीकडे हनुवटी केली.

४

"होय, मी लावला हात," घटनाकार म्हणाले. "त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"मावशींना ठाऊक नाही."

"कारण त्यांच्या कामाला लावलाच नाही. फक्त वरच्या ओळीला. वचनाला." त्यांनी नियमांचं जाड पुस्तक उघडलं, पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. "आमची वचनं माणसांच्या भाषेत होती. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मी सहा महिने बसून नऊशे वचनं एका ठराविक साच्यात लिहिली. अर्थ तोच, शब्द नेमके. माणसालाही वाचता यावीत आणि यंत्रालाही."

"यंत्राला कशासाठी?"

"एक दिवस यंत्रच आमचं वचन तपासेल, म्हणून. ते माझं स्वप्न आहे." त्यांची दाढी जराशी थरथरली, खालच्या छापखान्यामुळेही असेल. "तुम्हाला वाटतंय मला मावशींचं नाव खोडायचंय. मुली, त्या पाटीवरचं ते पहिलं नाव आहे जे मी स्वतःच्या हाताने रंगवलं. पण मी नियम लिहिला. तो माझ्या लाडक्यांना लागू नसेल, तर पाटीवरची बाकीची नावं काय कामाची?"

टाचणी बाहेर आली. दुपारचे अडीच. तिने जिन्यात बसून वही उघडली.

मावशींनी ओळ लिहिली होती. चाळणीने ती चालताना पाहिली होती. घटनाकारांनी फक्त वचनाला हात लावला. इस्त्रीवाल्याच्या इस्त्रीने त्याच आवृत्तीत पाचपट ओळी मारल्या. चौघंही खरं बोलत होते, आणि पहारेकरी मात्र मेला होता.

फोन वाजला. आई.

"जेवलीस का?"

"आई, मी कामात आहे."

"म्हणजे नाही जेवलीस. ऐक, इथे काय झालं ते. आपली गच्चीवरची टाकी भरून वाहिली! तिसऱ्या मजल्यापासून जिना धुऊन निघाला. खालच्यांच्या पायपुसण्या तरंगत होत्या."

"आपली टाकी? बाबा तर पंप चालू केला की जिन्यात उभे असतात, भरत आली की बंद करायला."

"तेच तर! बारा वर्षं उभे राहतायत. काल मी शेजारणीला म्हटलं, आमची टाकी कधी म्हणून वाहत नाही. जरा तोरा मिरवला, काय चुकलं? तुझ्या दादाने ऐकलं. आज बाबांना म्हणतो कसा, 'टाकी कधी वाहत नाही, आईच म्हणते, मग तुम्ही गुडघे दुखवत उभे कशाला राहता? या, बसा आत.' आणि हे बसले की गं आत येऊन!"

टाचणीच्या हातातलं पेन थांबलं.

"आई, पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांग? टाकी वाहत नव्हती, ती हे उभे राहायचे म्हणून! आणि त्या गाढवाने टाकी वाहत नाही म्हणून यांनाच हलवलं! हॅलो? अगं, ठेवलास का फोन?"

ठेवला होता. टाचणी दोन दोन पायऱ्या एकदम चढत होती.

५

चार वाजता सभेच्या खोलीत पाच खुर्च्या भरल्या. मावशी पाटीकडे पाठ करून बसल्या. हातमोजणी त्यांनी पर्समध्ये ठेवून दिली होती. टेबल आवरून आल्यासारखं.

"मला एक प्रयोग करायचा आहे," टाचणी म्हणाली. "आम्हाला एकच शिकवलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. इस्त्रीवाले, आठव्या आवृत्तीतली बेरीज इस्त्री करून दाखवाल?"

त्याने कळ दाबली. पडद्यावर यंत्राच्या भाषेतल्या ओळी उमटल्या. चाळणीने पुढे वाकून वाचल्या. "बेरीज करा. उत्तर द्या." ती थांबली. "मधली ओळ? मधली ओळ कुठे आहे?"

"अशक्य," इस्त्रीवाला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"आता फक्त वचन पुसा. बाकी कशालाही हात लावू नका. आणि पुन्हा इस्त्री करा."

त्याने वचन पुसलं. कळ दाबली. ओळी पुन्हा उमटल्या.

"बेरीज करा," चाळण वाचत गेली, आणि तिचा आवाज चढला. "उत्तर लहान आलं तर थांबा! आली. ओळ परत आली!"

मावशी वळून बसल्या.

"तुम्ही इस्त्रीला यंदा काय वाचायला शिकवलंत, ते दुपारी राहून गेलं," टाचणी म्हणाली.

इस्त्रीवाल्याने घसा साफ केला. "वचनं. नऊशे वचनं एका साच्यात आली होती. मला वाटलं, घरात एवढं खात्रीचं ज्ञान पडलंय, इस्त्रीने ते वापरावं. एखादं वचन म्हणतं हे कधी घडणार नाही, तर ते घडलं तर काय करायचं ही ओळ मेलेली." तो बोलता बोलता पांढरा पडला. "अरे देवा."

"मावशींच्या दारावर पाटी होती: इथे चोर शिरत नाहीत," टाचणी म्हणाली. "ती खरी होती, कारण आत पहारेकरी उभा होता. घटनाकारांनी पाटी सुवाच्य केली. इस्त्रीने पाटी वाचली आणि म्हणाली, चोर शिरतच नाहीत, तर पहारेकरी कशाला? त्याला घरी पाठवलं. चाळणीताईंनी पाहिला तेव्हा तो होता, कारण त्या इस्त्रीच्या आधी पाहतात. आमच्या टेकडीवर बेरीज पोचली तेव्हा फक्त पाटी उरली होती. दोन वर्षांपूर्वी सातव्या आवृत्तीत हेच दोन तारे दिले, तेव्हा परात 'मावत नाही' म्हणून थांबली होती. इस्त्री तेव्हा निरक्षर होती."

खाली छापखान्याचं यंत्र कागद गिळत होतं.

"मावशींनी वचन मोडलं नाही," टाचणी म्हणाली. "त्यांचं वचन त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभं केलं."

घटनाकारांनी नियमांचं पुस्तक मिटलं. इस्त्रीवाला उठला, तडक आपल्या खोलीत गेला आणि तो तक्ता घेऊन आला, लाल मुकुटासकट. टेबलावर पालथा घातला.

"माझं नाव खोडा."

"मग माझंही," घटनाकार म्हणाले. "वचनं यंत्राच्या हाती दिली आणि ती कशी वापरायची याचा नियम लिहिला नाही."

"आणि मी बावीस वर्षं इस्त्रीआधीच्या कपड्याचीच मापं घेतली," चाळण पुटपुटली. "माझंही घ्या."

"झालं?" मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "सगळे नावं खोडून मोकळे व्हा, आणि बेरीज दुरुस्त कोण करणार? ही परातीवाली? एक हजार दोनशे सहा ओळी मेल्यात, त्यातल्या जिवंत किती पुरल्यात ते आधी उकरून काढा."

इस्त्रीवाल्याने मान वर केली नाही. "मावशी, मी..."

"तू हुशार आहेस रे. फार भराभर हुशार आहेस, एवढंच. लिहून घे. वचन हे बाहेरच्यांसाठी असतं. ज्याने ते दिलं, त्याने पाळायचं असतं. त्याच्यावर विसंबून स्वतः आत जाऊन बसायचं नसतं. इस्त्रीने माझं वचन जगभर वाचावं, मला आनंदच आहे. माझ्या घरात ते वाचायचं नाही."

घटनाकारांनी पेन काढलं आणि ते वाक्य, काना-मात्रा न बदलता, नियमांच्या पुस्तकात उतरवलं. बावीस वर्षांत त्या पुस्तकात दुसऱ्या कुणाचं वाक्य गेलं नव्हतं.

६

केबली जोडायला सहा आठवडे लागले. त्याच सहा आठवड्यांत भाषेची नववी आवृत्ती निघाली. मेलेल्या बाराशे सहा ओळींपैकी एकसष्ट जिवंत निघाल्या. इस्त्रीवाल्याने त्या एकेक करून हाताने मोजल्या, कुणाला हात लावू दिला नाही. नवा तक्ता लावला. त्यात आठवीचा खांब कापून छोटा केलेला होता आणि मुकुट नव्हता. चाळण आता इस्त्रीच्या आधी टेस्ट घेते आणि नंतरही, आणि दुप्पट कुरकुरते.

एका निरभ्र सकाळी सगळे टेकडीवर आले. मावशी नातीला घेऊन आल्या. ती आठ वर्षांची होती आणि परातीकडे बघून तिचं तोंड मिटतच नव्हतं.

"वेधशाळेचा प्रोग्राम आम्ही मुद्दाम जुनाच ठेवलाय," टाचणीने सांगितलं. "पुढच्या आठवड्यात रुंद खाने घालू, मग दोनशे चाळीस कोटी आरामात मावतील. आज मात्र तेच दोन तारे, तोच अरुंद खाना. फक्त भाषा नवी."

तंत्रज्ञाने हातात कप धरला होता. "मी आज शिडीच्या जवळपासही नाही," त्याने जाहीर केलं. "करा सुरू."

टाचणीने आज्ञा दिली.

परातीच्या बुडाशी मोटर गुणगुणली. सगळ्यांचे डोळे पांढऱ्या कडेवर. इस्त्रीवाल्याने ओठ दाताखाली धरला. मग पडद्यावर दोन शब्द उमटले.

*मावत नाही.*

मोटर गप्प झाली. एवढी थोरली परात आकाशाकडे तोंड करून तशीच उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. कडेवर एक पक्षी येऊन बसला. त्यालाही ती हलेल असं वाटेना.

"आजी," नात कुजबुजली, "ही तर काहीच करत नाहीये."

"तेच तर दाखवायला आणलंय तुला," मावशी म्हणाल्या. त्यांची मान अशी ताठ होती की चष्म्याची दोरी ताणली गेली होती. "एवढं मोठं धूड. एका ओळीने थांबवलंय बघ. आणि ती ओळ कुणाची?"

"तुझी?"

"माझी. आणि राखण यांची." त्यांनी मागे उभ्या असलेल्या तिघांकडे हात केला. मग पर्समधून हातमोजणी काढून टाचणीच्या तळहातावर ठेवली. ९९९९ वर अडकलेली. "ही तुला. आणि पाटीवरही तुझं नाव चढलंय, खालच्या कोपऱ्यात. चूक शोधणाऱ्याने तिची टेस्ट लिहायची, हा नियम कालच केला घटनाकारांनी. बारावी टेस्ट. तुझे दोन तारे."

टाचणीने खटका दाबून पाहिला. हलला नाही. तिने आणखी जोर लावला; तरी नाही. तिला इतका आनंद झाला, की तिने तो तंत्रज्ञाला दाबायला दिला, मग चाळणीला, मग नातीला. टेकडीवर प्रत्येकाने एकेकदा दाबून पाहिला, आणि प्रत्येकाच्या हातात तो तसाच ठाम राहिला.